फी 'वसूल' करायला निघण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभरापूर्वी एक प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड घेतलं. पहिल्या वर्षी वेलकम बोनस मिळाला, म्हणून सौदा चांगला वाटला. आता पुढच्या महिन्यात वार्षिक फी पुन्हा लागेल. बँकेच्या ॲपमधल्या सवलतींच्या यादीची बेरीज फीच्या साडेतीनपट भरते. वर्षाला सहा विमानप्रवास होतात, त्यांतले दोन परदेशात. बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं, प्रवास विम्याची वार्षिक पॉलिसी वेगळी आहे, हॉटेल बहुतेक वेळा कंपनी ठरवते. कार्ड ठेवावं का?

तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवर मी ठेवलं नसतं. पण फरक इतका थोडा आहे की एखादी सवय बदलली तर उत्तरही बदलेल. म्हणून उत्तरापेक्षा हिशेब समजून घ्या. पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा येणार आहे.

अशा याद्या तयार करण्यात मी बरीच वर्षं घालवली. एका बँकेच्या कार्ड विभागात होतो. आता लोकांना पैशांचं नियोजन करून देतो. यादीत खोटं काहीच नसतं. विमानतळावरच्या लाउंजच्या (खास विश्रांतिकक्षाच्या) दारावर जो दर लिहिलेला असतो तोच यादीत येतो, हॉटेलच्या मेंबरशिपची जी छापील किंमत तीच तिथे लागते. फक्त ती किंमत विकणाऱ्याची असते, तुमची नव्हे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारायचं: हे कार्ड नसतं तर यासाठी मी खिशातून किती काढले असते? जो आकडा येईल तोच धरायचा. शून्य आला तर शून्य.

चलन कुठलंही असो, हिशेब सोपा जावा म्हणून तुमची वार्षिक फी 100 मानू. म्हणजे यादी 350ची झाली: प्रवास क्रेडिट 40, टॅक्सी ॲपचं क्रेडिट 40, लाउंज 120, हॉटेलच्या एका साखळीतला खास सदस्याचा दर्जा 60, विमा 50 आणि कॉन्सिएर्ज (तुमच्यासाठी शोधाशोध, बुकिंग करून देणारी सेवा) वगैरे किरकोळ मिळून 40.

प्रवास क्रेडिट हा यातला सगळ्यांत खरा पैसा. तिकीट तुम्ही काढणारच होतात, त्यातले 40 परत आले. तरी मी 38 धरतो. कारण बऱ्याच कार्डांवर हे क्रेडिट बँकेच्याच पोर्टलवरून बुकिंग केलं तर मिळतं. तिथे भाडं कधीकधी थोडं जास्त असतं, आणि उड्डाण रद्द झालं की विमान कंपनी म्हणते पोर्टलशी बोला, पोर्टल म्हणतं विमान कंपनीशी बोला. त्या फोनाफोनीची किंमत मी दोन लावली. कमीच लावली असावी.

टॅक्सीच्या क्रेडिटचा आकडाही 40च आहे, पण तो बारा तुकड्यांत मिळतो. त्या महिन्यात वापरला नाही तर तुकडा गेला. तुम्ही चार-पाच महिन्यांतच फिरता, म्हणजे हातात फार तर 13 ते 17 येतात. हात राखून मी 12 धरतो. क्रेडिटचे असे तुकडे का पाडतात? न वापरल्या गेलेल्या सवलतींना या धंद्यात ब्रेकेज म्हणतात, आणि कार्डाची किंमत ठरवताना तो आधीच हिशेबात घेतलेला असतो. सवलत एकरकमी दिली तर जवळजवळ सगळेच वापरतात. महिन्या-महिन्याला वाटली की विसरणारे वाढतात. यादीतली बेरीज तीच राहते आणि बँकेचा खर्च उतरतो. आमच्या बैठकांमध्ये या विषयावर फार मोकळेपणाने बोललं जायचं.

आता लाउंज. लोक कार्ड घेतात ते बहुधा याच्यासाठी, आणि सगळ्यांत जास्त फुगवलेला आकडाही हाच. बारा भेटी, प्रत्येकी 10, म्हणून 120. पण दारात उभं राहून रोख 10 देऊन तुम्ही कितीदा आत गेला असता? दोन तासांपूर्वी विमानतळावर पोचायचं, अर्धा तास सुरक्षा तपासणीत, उरलेल्या वेळात एक कॉफी आणि फोन चार्ज. लाउंज नसतं तर तीच कॉफी बाहेर विकत घेतली असती, तेवढंच वाचलं. अशा आठ भेटींना मी प्रत्येकी 1 लावतो. परदेशाच्या प्रवासात मधल्या विमानतळावर पाच-सहा तास काढावे लागतात, तेव्हा गोष्ट वेगळी. अंघोळ, पाठ टेकायला जागा, नीट जेवण. त्यासाठी माणूस खरंच पैसे मोजतो. अशा चार भेटींना प्रत्येकी 3. एकूण 20.

त्यातही दार उघडं मिळायला हवं. प्रायॉरिटी पास, म्हणजे अनेक विमानतळांवरच्या लाउंजमध्ये प्रवेश देणारी सदस्यता, 1992 साली सुरू झाला, तेव्हा अशी सोय हाताशी असलेले प्रवासी थोडे होते. आता अनेक देशांतल्या बँका ती कार्डाबरोबर वाटतात आणि खुर्च्या काही त्या वेगाने वाढलेल्या नाहीत. म्हणून प्रवेशावर वेळेची मर्यादा, पाहुण्यांना वेगळे पैसे, आदल्या तिमाहीत अमुक खर्च केला तरच प्रवेश, असे नियम येत राहतात. यामागचं कारण साधं आहे: अशा करारांत बँक बहुधा प्रत्येक भेटीमागे पैसे मोजते. तुम्ही आत जाऊ शकता एवढं तुम्हाला माहीत असावं आणि प्रत्यक्षात जाऊ नये, यात बँकेचा फायदा.

हॉटेलचा दर्जा शून्य. हॉटेल कंपनी ठरवते, त्या साखळीत तुम्ही उतरतच नाही. कॉन्सिएर्ज शून्य. ही सेवा मी स्वतः दोनदा वापरून पाहिली. दोन्ही वेळा जे मला शोधून मिळालं होतं तेच मला ईमेलवर परत आलं.

विम्याच्या ओळीवर जरा थांबू, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण शून्य धरतात, काही जण पूर्ण छापील रक्कम. तुमच्याकडे वेगळी वार्षिक पॉलिसी आहे, म्हणून तुमच्यासाठी मी शून्य धरतो. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, आणि कार्डावरचा विमा कित्येकदा दुसऱ्या क्रमांकाचा असतो, म्हणजे आधी तुमची मूळ पॉलिसी आणि उरलं तर हा. पॉलिसी बंद करून कार्डावर विसंबायचा विचार असेल तर आधी वैद्यकीय खर्चाची मर्यादा वाचा. सामान उशिरा आल्याची भरपाई ठळक अक्षरांत असते, दवाखान्याची मर्यादा बारीक अक्षरांत.

आणि अट वाचा. एकदा परदेशात माझी बॅग दोन दिवस उशिरा आली. कपडे घेतले, पावत्या जपल्या, विमानतळावरच तक्रारीचा कागद करून घेतला, सगळं पुस्तकाप्रमाणे. क्लेम नाकारला गेला. तिकीट मी माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीकडे साठलेल्या पॉइंट्सवर काढलं होतं आणि त्यावरचा कर दुसऱ्याच कार्डाने भरला होता. भाडं 'या' कार्डाने भरलेलं असलं तरच संरक्षण, अशी अट. ज्या माणसाने अशा अटी लिहिल्या होत्या त्यानेच ती वाचली नव्हती. घरी हा किस्सा अजून निघतो.

काही भरपाया तर कार्ड असो-नसो, मिळतातच. युरोपीय संघातून निघणाऱ्या उड्डाणाला मोठा उशीर झाला आणि दोष विमान कंपनीचा असला, तर 2004च्या 261 क्रमांकाच्या नियमानुसार अंतरानुसार 250 ते 600 युरो मिळू शकतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवणं, खराब होणं किंवा उशिरा येणं यासाठी 1999च्या माँट्रियल करारानुसार विमान कंपनीच जबाबदार असते. त्या भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024पासून प्रवाशामागे 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. हे कार्डाच्या खात्यात जमा धरू नका.

इथपर्यंतची बेरीज: 38 अधिक 12 अधिक 20, म्हणजे 70. यादीतले 350 इथे आले. पण यादीत नसलेल्या दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत, त्या धरायला हव्यात.

पहिली, परकीय चलनावरचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार. साध्या कार्डांवर तो साधारण 2 ते 3.5 टक्के असतो. तुमच्या कार्डावर तो नाही. परदेशात तुमचा वर्षाचा कार्डावरचा खर्च फीच्या चौपट, म्हणजे 400 धरला आणि 2.5 टक्के वाचले, तर 10 झाले. हा नगद फायदा आहे. मात्र बिनफीची आणि बिनमार्कअपची कार्डंही काही बाजारांत मिळतात. तसं एखादं तुमच्याकडे असेल तर हे 10 वजा करा. ओघात आलं म्हणून सांगतो: परदेशात मशीनवर 'तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का' असं विचारलं की नाही म्हणा. हो म्हटलंत तर विनिमयाचा दर दुकानाची बँक ठरवते, तो जवळजवळ नेहमी महाग पडतो, आणि मार्कअप नसलेलं कार्ड बाळगण्याचा अर्थच जातो.

दुसरी गोष्ट पॉइंट्स. इथे भलेभले घसरतात.

समजा, बिझनेस क्लासचं तिकीट 3,000ला विकलं जातंय. तेच 60,000 पॉइंट्स आणि 200 कर देऊन मिळतं. लोक लगेच मांडतात: 2,800 वाचले, म्हणजे हजार पॉइंट्सची किंमत जवळपास 47. यावर फी कितीही असली तरी वसूल! पण ते तिकीट तुम्ही 3,000 देऊन कधी काढलं असतं का? तुम्ही 700च्या इकॉनॉमीत बसला असता. त्या मापाने 500 वाचले, हजार पॉइंट्सना 8च्या आसपास. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. रात्रभर आडवं होऊन झोपायला मिळण्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त किती मोजले असते? 1,100 म्हणालात तर 900 भागिले 60, हजाराला 15. छान आहे, पण 47 नाही.

शिवाय पॉइंट्स साठवून ठेवण्यात तोटाच आहे. त्यांवर व्याज नाही, आणि त्यांची किंमत ठरवणारा दुसरा असतो. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली ॲडव्हान्टेज ही आपली माइल्सची योजना सुरू केली, तिथून माइल्सची ही आधुनिक गोष्ट सुरू होते. पुढे अनेक वर्षं किती माइल्सना कुठलं तिकीट मिळेल याचे तक्ते असायचे. डेल्टा एअरलाइन्सने 2015 साली ते तक्ते काढून टाकले, युनायटेडने 2019 साली. तक्ता नसला की दरवाढ झाल्याचं जाहीरही करावं लागत नाही.

आता यातलं तुमच्या फीशी जोडलेलं किती? प्रीमियम कार्डावर मिळालेले सगळे पॉइंट्स फायद्यात धरणं ही सर्रास होणारी चूक. हे कार्ड नसतं तर तुम्ही रोखीने थोडेच व्यवहार केले असते? दुसरं, बिनफीचं कार्ड वापरलं असतं. तेव्हा मोजायचा तो दोहोंमधला फरक. तुमचा वर्षाचा खर्च फीच्या साठपट आहे, म्हणजे 6,000. प्रीमियम कार्डावर माझ्या मापाने 1.7 टक्के परत येतात, चांगल्या बिनफी कार्डावर 1.5. फरक 0.2 टक्के, म्हणजे 12. पॉइंट्सच्या स्टेटमेंटवर जो मोठा आकडा दिसतो त्यातला फीने विकत घेतलेला भाग एवढाच.

70 अधिक 10 अधिक 12. 92 झाले. फी 100.

आठच कमी पडले, मग काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते असं की फी तुम्ही आज देताय आणि फायदे वर्षभरात सुटे सुटे येणार आहेत. तारखा सांभाळायच्या, कुठलं क्रेडिट संपलं ते बघायचं, ॲपमध्ये जाऊन एकेक सवलत चालू करायची, ही कटकट तुमची. वर्षाच्या मध्ये नियम बदलायचा अधिकार मात्र बँकेचा. म्हणून मी 125च्या खाली कार्ड ठेवायला सांगत नाही. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. ज्याला या तारखा आणि क्रेडिट्स सांभाळण्यात मजा येते त्याने 105वरही ठेवावं. तो त्याचा छंद आहे आणि छंदाला थोडा खर्च येतोच.

पहिलं वर्ष वेगळं का वाटलं? वेलकम बोनसमुळे. तो एकदाच मिळतो, तरी मनात तो कार्डाच्या नावावर कायमचा जमा होतो. 2016 साली अमेरिकेतल्या चेस बँकेने सफायर रिझर्व्ह हे प्रीमियम कार्ड आणलं: 450 डॉलर फी, एक लाख पॉइंट्सचा बोनस. मागणी इतकी आली की कार्डासाठीचा धातू कमी पडला, आणि या एका कार्डामुळे त्या तिमाहीचा नफा 20 ते 30 कोटी डॉलरने घटेल, असं चेसची मालक असलेल्या जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन यांनी जाहीरपणे सांगितलं. बँकेला चूक झाली असं वाटत नव्हतं. ती आवळा देऊन कोहळा काढायला बसली होती. 2017च्या जानेवारीत बोनस निम्म्यावर आला. फी 2020 साली 550 झाली, 2025 साली 795. नव्या सवलती वाढवल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत. ज्यांनी 2016 साली बोनस घेतला त्यांचा तो निर्णय बरोबर होता. त्याच आठवणीवर आज फी भरणं हा दुसरा निर्णय आहे.

'वसूल' या शब्दाशी माझं भांडण इथेच आहे. गेलेले पैसे वसूल करायचे असतात. फी एकदा भरली की लोक ती वसूल करायला निघतात: नको असताना टॅक्सी बोलावतात, लाउंजसाठी घरातून दोन तास आधी निघतात, खर्चाचा टप्पा गाठायला पुढच्या वर्षीची खरेदी या वर्षी करतात. कार्ड हातात असलं की हात मुळातच सैल होतो, ते वेगळंच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली घेतली. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तुम्ही मात्र फी लागायच्या आधी विचारताय, म्हणजे वसुलीचा प्रश्नच अजून आलेला नाही. निर्णय येणाऱ्या वर्षाचा आहे. येत्या वर्षात परदेशाचे दोनच्या जागी चार प्रवास ठरले असतील, किंवा वर्षाची विमा पॉलिसी बंद करून कार्डावरचा विमा खरोखर पुरणार असेल, तर वरची बेरीज पुन्हा करा. ती 125च्या पुढे जाऊही शकते.

बिल पूर्ण भरता म्हणून हे सगळं बोलतोय. थकबाकी पुढे ओढणाऱ्याने हा हिशेब मांडूच नये. दरमहा 3 टक्के व्याज म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर. तिथे दीड-दोन टक्क्यांच्या पॉइंट्सची काय कथा. ही बक्षिसं येतात कुठून, तर एक भाग अशा व्याजातून आणि दुसरा इंटरचेंजमधून, म्हणजे कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कातून. युरोपीय संघाने 2015च्या डिसेंबरपासून ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचं इंटरचेंज 0.3 टक्क्यांवर बांधलं. तिथे घसघशीत बक्षिसांची कार्डं का दुर्मिळ आहेत ते यातून कळतं, आणि एका देशातला सल्ला दुसऱ्या देशात का चालत नाही तेही.

आता करायचं काय ते सांगतो. फी लागायची तारीख बघा आणि तिच्या दोन-तीन आठवडे आधी बँकेला फोन करा. 'कार्ड बंद करायचंय' म्हणू नका, 'फी परवडत नाही, काय करता येईल' असं विचारा. कधी फीचा काही भाग माफ होतो, कधी पॉइंट्स मिळतात. मिळालेली रक्कम 92मध्ये मिळवा आणि पुन्हा बघा. काही मिळालं नाही तर त्याच बँकेच्या बिनफी किंवा कमी फीच्या कार्डावर उतरवून घ्या. कार्ड पूर्ण बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण खातं जुनंच राहतं आणि एकूण क्रेडिट लिमिटही टिकण्याची शक्यता जास्त असते.

उतरवण्याआधी पॉइंट्सचं काय होतं ते विचारून घ्या. खालच्या कार्डावर ते टिकतात का, आणि विमान कंपनीकडे पाठवायची सोय तिथे राहते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरंही वेगळी असू शकतात. सोय जाणार असेल आणि तुमच्या डोळ्यांसमोर ठरलेला प्रवास असेल, तर त्या तिकिटाची जागा उपलब्ध आहे ना ते आधी बघून मगच पॉइंट्स पाठवा. एकदा पाठवलेले बहुतेक ठिकाणी परत येत नाहीत. या कार्डाने आधीच काढलेली तिकिटं असतील तर त्यांच्यावरचा विमा कार्ड बदलल्यावर चालू राहतो का, तेही त्याच फोनवर विचारा. उत्तर लेखी मागा. फोनवरचा माणूस पुढच्या वेळी तोच नसतो.